ताई, गाडी कोयनेच्या पाण्यावर चालणार नाही

पत्र : सप्रेम नमस्कार. आम्ही साताऱ्यात गोडोलीत राहतो. मी कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. जाऊन-येऊन रोज ४० किलोमीटर. महिन्यातून एकदा मुलाकडे पुण्याला, अधूनमधून नणंदेकडे पाचगणीला. वर्षाकाठी १३ हजार किलोमीटर होतात. आमची पेट्रोलची गाडी १५ वर्षांची झाली. लिटरला १४ देते आणि गॅरेजवाल्यानंही आता हात टेकलेत, त्यामुळे नवीन घ्यायची हे ठरलंय. मला इलेक्ट्रिक हवी. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, "आई, ती कोळशावर चालते, त्यापेक्षा हायब्रिड घे." मी म्हणते, आपल्याकडे कोयना आहे, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आहेत, आपली वीज स्वच्छच आहे. सांगलीचा भाऊही हायब्रिडवालाच. त्याचा विश्रामबागेत फ्लॅट आहे आणि कामासाठी जत, बेळगाव, सोलापूर अशी सतत फिरती असते. मी वर्गात मुलांना पर्यावरण शिकवते, म्हणून विचारते. पैशांचं बाजूला ठेवा. निसर्गाला कमी त्रास कोणत्या गाडीचा?

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलाचं म्हणणं उडवून लावू नका. तो सांगतोय त्यात तथ्य आहे. आजच्या घडीला रात्री घरच्या बोर्डाला लावून चार्ज केलेली इलेक्ट्रिक आणि चांगली स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत मोटर असलेली आणि थोडं अंतर नुसत्या बॅटरीवर धावणारी गाडी) यांच्यात कार्बनचा फरक फारसा नाही. तरीही तुम्हाला मी इलेक्ट्रिकच घ्या म्हणेन, आणि तुमच्या भावाला हायब्रिड. दोघांना दोन सल्ले का, ते समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. तुम्ही शिक्षिका आहात, हिशेबाला कंटाळणार नाही अशी खात्री आहे.

आधी कोयनेचं बोलू, कारण तुमची सगळी भिस्त तिच्यावर आहे.

कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटचा. आपल्या जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण पाटण तालुक्यातल्या पाण्यावर तयार झालेली वीज तारेतून सरळ गोडोलीत येत नाही. राज्याची, किंबहुना देशाची सगळी वीज एकाच हौदात पडते आणि आपण सगळे त्याच हौदाला नळ लावून बसलोय. त्या हौदात कोयनेचं पाणी आहे, चाळकेवाडीचा वारा आहे, पण चंद्रपूर आणि कोराडीचा कोळसा त्याहून कितीतरी जास्त आहे. देशात तयार होणाऱ्या विजेपैकी जवळपास तीन चतुर्थांश आजही कोळशाची आहे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवून पोफळीकडे वीज करायची, त्याला कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. त्यामुळे ते पाणी जपून, मुख्यतः विजेची मागणी शिगेला पोचते त्या तासांत वापरलं जातं. तुम्ही रात्री अकरा वाजता गाडी चार्जिंगला लावली म्हणून कोयनेतून एक थेंबही जास्त सुटणार नाही. तसंच वाऱ्याचं. चाळकेवाडीच्या पठारावर आषाढात वारा भणाणतो तेव्हा ती पाती तुमच्या गाडीसाठी फिरत नसतात, ती फिरणारच असतात. मग तुमच्या गाडीची जी नवी, वाढीव मागणी तयार होते ती कोण भागवतं? रात्रीच्या वेळी बहुतेकदा औष्णिक केंद्रातला बॉयलर. मुलगा म्हणतो ते हेच, फक्त त्यानं ते थोडक्यात सांगितलंय.

आता आकडे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशातल्या विजेचा कार्बन जाहीर करतं. २०२३-२४ साली एका युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड निघाला. ती वीज तुमच्या घरापर्यंत येताना होणारी गळती आणि कोळसा खणून वाहून आणण्याचा खर्च धरला, तर युनिटमागे ०.९ किलो धरायला हरकत नाही. तुमच्या वापराच्या आकाराची इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगमधली घट धरून १०० किलोमीटरला १५ युनिटच्या आसपास खाते. म्हणजे किलोमीटरला १३५ ग्रॅम.

हायब्रिडचं बघू. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेल काढणं, शुद्ध करणं आणि टँकरनं पंपापर्यंत पोचवणं धरलं तर पावणेतीन किलोच्या थोडं वर. कंपनीच्या जाहिरातीत ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला लिटरला २७.९७ किलोमीटर लिहिलेलं असतं, पण तो चाचणीतला आकडा. रोजच्या रस्त्यावर २० धरा. म्हणजे किलोमीटरला १४० ग्रॅम. तुमची जुनी गाडी १४ देते, म्हणजे २०० ग्रॅम.

१३५ आणि १४०. हे जवळपास सारखंच झालं. वर इलेक्ट्रिकच्या बॅटरीचं देणं असतं. बॅटरी बनवताना दर युनिट क्षमतेमागे ६० ते १०० किलो कार्बन खर्ची पडतो. ४० युनिटची बॅटरी म्हणजे अडीच ते चार टन, आणि तेही गाडी शोरूममधून बाहेर पडायच्या आधीच. दीड लाख किलोमीटरवर वाटलं तर किलोमीटरला १५ ते २५ ग्रॅमची भर. हायब्रिडची बॅटरी एक युनिटच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असते, तिचं देणं नगण्य. म्हणजे आजची वीज आहे तशीच पुढची १२-१५ वर्षं राहणार असं धरलं, तर हायब्रिड थोडी पुढेच राहील. यूट्यूबवर युरोपातले व्हिडिओ बघून "इलेक्ट्रिकचा कार्बन निम्म्याहून कमी" असं सांगणारे खोटं बोलत नाहीत, पण ती गोष्ट त्यांच्या देशातल्या विजेची आहे. आयसीसीटी या स्वच्छ वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं २०२१ मध्ये जी तुलना मांडली, तिच्यात साध्या पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिकचा आयुष्यभराचा फायदा युरोपात ६६ ते ६९ टक्के होता आणि भारतात १९ ते ३४ टक्के. आणि तीही तुलना साध्या पेट्रोल गाडीशी, हायब्रिडशी नव्हे.

इथवर वाचून मुलगा खूश होईल. होऊ द्या. पण त्याला एक प्रश्न विचारा : गाडी तू आजच्या दिवसापुरती घेतोयस का?

हायब्रिड शोरूममधून निघते त्या दिवशी ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात स्वच्छ असते. पुढे इंजिन झिजतं, मायलेज हळूहळू उतरतं, आणि २०३८ सालीही ती पेट्रोलच पिणार. इलेक्ट्रिकचं उलटं आहे. हौदातली वीज जसजशी सुधारेल तसतशी अंगणात उभी असलेली तीच गाडी, काहीही न बदलता, स्वच्छ होत जाईल. देशातल्या वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेत बिगरजीवाश्म स्रोतांचा वाटा २०२५ च्या मध्यात निम्म्यावर गेला. क्षमता आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज यांत फरक असतो, सूर्य काही २४ तास नसतो, म्हणून कोळशाचा वाटा अजून एवढा मोठा दिसतो. पण दिशा स्पष्ट आहे. १५ वर्षं वापरायची वस्तू निवडताना मी तरी दिशा बघेन.

दुसरी गोष्ट तुमच्या हातातली आहे : गाडी कधी चार्ज करायची. इथे शिक्षिका असण्याचा तुम्हाला एक फायदा आहे. दुपारी हौदात सौर वीज भरपूर असते, रात्री नसते. तुमची आठवड्याची धाव सहा दिवसांची २४० किलोमीटर, म्हणजे ३६ युनिट. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला ३ युनिटच्या आसपास वीज गाडीत जाते. शनिवारी सकाळची शाळा करून एक वाजता घरी आलात आणि पाचपर्यंत गाडी लावली तर १२ युनिट. रविवारी नऊ ते पाच लावली तर २४. झाले ३६. एखाद्या आठवड्यात जास्त फिरणं झालं तर मधे एक रात्र लावा, त्यानं आभाळ कोसळत नाही. पण आठवडाभर रोज रात्री लावायची सवय मात्र नको. महावितरणनं टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा) असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर दरात सवलत द्यायला सुरुवात केली आहे, ती याच कारणासाठी.

गोडोलीत स्वतःचं घर असेल आणि गच्ची मोकळी असेल तर सोलर बसवा. एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला चार युनिट देतं. तुमच्या गाडीला वर्षाला १,९५० युनिट लागतील, म्हणजे दीड किलोवॉट पुरतात. तीन किलोवॉट बसवलेत तर घरचंही बरंचसं भागेल, आणि पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पॅनल बनवण्याचा कार्बन धरूनसुद्धा सौर युनिटमागे ४०-५० ग्रॅमच पडतात. त्या विजेवर गाडी किलोमीटरला ७ ग्रॅमवर येते. ७ ची सर १४० ला कशी येणार!

इथे तुमचा मुलगा, इंजिनिअरच तो, एक आक्षेप घेईल आणि तो घ्यायलाच हवा : "सोलर तर गाडी न घेताही बसवता येतं. मग त्याचं पुण्य गाडीच्या खात्यावर का?" प्रश्न अचूक आहे. पॅनल आधीच असतं, तर त्याची वीज कुणाच्या तरी घरचा कोळसा वाचवतच होती, आणि ती तुम्ही गाडीत घातलीत तर तेवढा कोळसा पुन्हा जळेल. म्हणून मी एवढंच मानतो : गाडी आली म्हणून जे वाढीव पॅनल बसलं, तेवढंच गाडीच्या खात्यावर. तुम्ही आत्ता गाडीच्या निमित्तानं बसवणार असाल तर हिशेब खरा आहे. शेजाऱ्याच्या जुन्या सोलरकडे बोट दाखवून कुणी आपली गाडी सूर्यावर चालते म्हणेल, तर तो खरा नाही.

पाचगणीचा घाट तुमच्या नेहमीच्या वाटेवर आहे, म्हणून त्याचंही सांगतो, कारण दोन्ही गाड्यांतला फरक तिथे डोळ्यांनी दिसतो. उतारावर दोन्ही गाड्या ब्रेकऐवजी मोटरनं वेग आवरतात आणि त्यातून वीज परत बॅटरीत भरतात. पाचगणी ते वाई सुमारे ६०० मीटरचा उतार आहे. माणसांसकट दीड टनाची गाडी तेवढी खाली आणली की साधारण अडीच युनिट ऊर्जा मोकळी होते. टायरचं घर्षण, हवा आणि मोटरमधली घट वजा जाता इलेक्ट्रिक गाडी त्यातली सव्वा-दीड युनिट परत मिळवू शकते, म्हणजे पुढचे आठ-दहा किलोमीटर. हायब्रिडची एवढीशी बॅटरी पसरणी घाटाच्या मध्यावरच भरून जाते, उरलेली ऊर्जा इंजिनच्या ओढीत आणि ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते. मात्र एक पथ्य पाळा : नणंदेकडे गाडी १०० टक्के चार्ज करून घाट उतरू नका, भरलेल्या बॅटरीत परतीची वीज मावत नाही.

धुराचं अजून बोललोच नाही, आणि मला तो कार्बनइतकाच महत्त्वाचा वाटतो. शाळा सुटताना फाटकाशी गाड्या उभ्या राहतात तेव्हा मुलांच्या नाकात जे जातं, ते इलेक्ट्रिकमुळे जात नाही. टायरची धूळ तेवढी राहते. हायब्रिड गर्दीत बराच वेळ बॅटरीवर चालते, त्यामुळे तीही साध्या पेट्रोलपेक्षा बरी. पण धुराचा प्रश्न इथे संपत नाही. रात्री चार्ज केलेल्या गाडीचा धूर साताऱ्यात निघत नाही, तो चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्राच्या चिमणीतून निघतो, आणि तिथली राख तिथल्या मुलांच्या अंगणात पडते. आपली हवा स्वच्छ राहावी म्हणून त्यांची बिघडवायची, हे मला पटत नाही. दिवसा चार्जिंगचा आणि सोलरचा मी एवढा आग्रह धरतो तो यासाठी.

तुमच्या भागात उसाचं राजकारणही गाडीच्या टाकीपर्यंत आलंय, तेव्हा कुणीतरी सांगेलच की पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, मग हायब्रिड आपल्याच शेतातल्या इंधनावर चालते. थोडंसं खरं आहे. ऊस वाढताना हवेतला कार्बन घेतो, म्हणून इथेनॉलच्या वाट्याचा कार्बन पेट्रोलपेक्षा कमी धरला जातो. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि उसाला लागणारं पाणी तुम्हाला मी सांगायला नको. माण-खटावात उन्हाळ्यात टँकर येतात, तिकडे जतमध्येही तेच. गाडीच्या टाकीसाठी आणखी ऊस लावा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हायब्रिडच्या बाजूनं हा मुद्दा मी फार जड धरत नाही.

बॅटरीच्या खाणींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी मुलांना शिकवताना प्रश्न येईल. कोबाल्टसाठी काँगोत जे चालतं ते वाईटच आहे. पण आपल्याकडच्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत आता एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) प्रकारची बॅटरी येते, तिच्यात कोबाल्टही नसतं आणि निकेलही नसतं. शोरूममध्ये हा प्रश्न नाव घेऊन विचारा. विक्रेत्याला माहीत नसेल तर माहिती काढून सांगायला लावा. बॅटरी संपल्यावर ती परत घेऊन पुनर्वापर करण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला हवं, पण निदान जबाबदारी कुणाची हे तरी ठरलंय.

बॅटरी किती मोठी घ्यायची? इथे बहुतेक लोक घसरतात. वर्षातून एकदा गोव्याला जायचं म्हणून ७०-७५ युनिटची बॅटरी घेतात आणि उरलेले ३६० दिवस दीड-दोनशे किलो जास्तीचं वजन कोरेगावला नेतात-आणतात. तुम्हाला ४० ते ४५ युनिट पुष्कळ झालं. पुण्याची फेरी जाऊन-येऊन २२० किलोमीटर, खंबाटकी धरूनही त्यात बसते. वाटेत चहाला थांबाल तिथे थोडं चार्जिंग केलंत तर मनाला स्वस्थता. आणि पुण्याला तुम्ही एकट्याच जाणार असाल तर गाडी काढूच नका. साताऱ्याहून स्वारगेटची विनाथांबा एसटी भरून गेली तर एका माणसामागे जातानाचा कार्बन दोन किलोच्या आसपास पडतो. तोच प्रवास एकटीनं हायब्रिडनं केला तर पंधरा किलो, इलेक्ट्रिकनंही तेवढाच. या एका गोष्टीपुढे दोन्ही गाड्यांची तुलना फिकी पडते. शाळेतल्या दोघी-तिघी साताऱ्याहूनच येत असतील तर त्यांनाही गाडीत घ्या. चार जणींत किलोमीटरचे १३५ ग्रॅम वाटले गेले की माणशी ३५ सुद्धा येत नाहीत.

आता भाऊ. फ्लॅट, पार्किंगमध्ये स्वतःचा मीटर नाही, दिवसभरात कधी जत तर कधी बेळगाव. त्याला बाहेरच्या फास्ट चार्जरवर, मिळेल त्या वेळी, मिळेल ती वीज घ्यावी लागेल. वेळेची निवड हातात नाही आणि स्वतःचं सोलर नाही, म्हणजे इलेक्ट्रिकच्या ज्या दोन गोष्टींवर मी तुम्हाला होकार दिला त्या दोन्ही त्याच्याकडे नाहीत. त्यानं स्ट्राँग हायब्रिड घ्यावी. फक्त बिलावर "स्ट्राँग" आहे ना बघावं. पुष्कळ गाड्यांवर नुसतं "हायब्रिड" किंवा "स्मार्ट हायब्रिड" लिहिलेलं असतं. त्यात छोटी मोटर इंजिनला थोडा हातभार लावते, गाडी एकट्या बॅटरीवर धावत नाही आणि बचतही किरकोळ असते. आणि हायवेला ताशी ११० नं पळवली तर स्ट्राँग हायब्रिडचंही मायलेज खाली येतं. शहरात आणि घाटात ती जेवढी वाचवते तेवढी सरळ रस्त्यावर वाचवत नाही. ८० वर चालवायला सांगा. मात्र सोसायटीनं उद्या पार्किंगमध्ये मीटर घेऊ दिला, तर त्याचंही उत्तर बदलेल. वर्षाला ३०-४० हजार किलोमीटर फिरणाऱ्या माणसाची बॅटरी आपलं देणं तुमच्यापेक्षा फार लवकर फेडते.

जुनी गाडी चांगली चालत असती आणि तुमचं फिरणं वर्षाला चार-पाच हजारच असतं, तर मी दोन्ही नको म्हटलं असतं. नवी गाडी घडवतानाच बॅटरी सोडून पाच-सात टन कार्बन जातो आणि तो भरून यायला कमी फिरणाऱ्याला आयुष्य पुरत नाही. पण १५ वर्षं झाली, आरटीओची पुनर्नोंदणी आली, इंजिन थकलं. तिला निरोप द्या. शक्य असेल तर अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या दारात धूर सोडत बसणार नाही.

गाडी बुक करण्याआधी दोन कामं करा. घराच्या मीटरचा मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा. गाडी, गिझर आणि एसी एकदम चालायचे असतील तर बहुतेक भारवाढ लागेल. तो अर्ज आणि सोलरचा अर्ज महावितरणकडे एकदमच द्या, दोनदा खेटे पडत नाहीत. आणि एका चांगल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत ते बहुधा नावापुरतंच असतं, आणि अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जिंग सुरूच करत नाही.